पुणं कितव्या पायरीवर?

तीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन, "तुमच्याकडे पंखा आहे का?" असं विचारण्याचा पगार घेतला. डोक्यावर पंखा गरगरत असला तरी विचारायचंच, कारण "दिसतंय ते लिहू नका, विचारून लिहा" हा आमच्या कामाचा पहिला नियम. त्यावर पेठांमधली मंडळी मला काय काय बोलली ते सगळं लिहायचं ठरवलं, तर या अंकाच्या संपादकांना वेगळी पुरवणी काढावी लागेल. एक नमुना देते. एका गृहस्थांनी पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "अगं, चष्म्याच्या डॉक्टरचा नंबर दे गं यांना."

मी एका संशोधन संस्थेत फील्ड सुपरवायझर होते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जो घोळ सांगणार आहे तो माझा आहे, संस्थेचा नाही. काम राहणीमानाच्या पाहणीचं. घर पक्कं की कच्चं, खोल्या किती, माणसं किती, नळ घरात की बाहेर, पाणी किती वेळ, संडास स्वतःचा की सामायिक, दवाखाना किती मिनिटांवर. आम्ही चपला झिजवून ही उत्तरं आणायची, मग त्यांची कोष्टकं व्हायची आणि वरचे लोक त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहायचे. पुस्तकात आमचे आभार शेवटच्या पानावर, छापखान्याच्या थोडे वर.

लोकांना आम्ही कोण हे कधीच कळलं नाही. महानगरपालिकेचे, विम्याचे, पाण्याचा फिल्टर विकणारे, यातलं काहीतरी असणार असं धरून ते बोलायचे. मार्केट यार्डातल्या एका हमालाला मी फॉर्मप्रमाणे विचारलं, "सुट्टीच्या दिवशी काय करता?" त्याने शेजारच्याला विचारलं, "आपल्याला सुट्टी असती का रं?" तो म्हणाला, "बाजार बंद आसंल तवा असती की." "मग तवा काय करतो आपण?" "पाठ शेकतो." मी करमणुकीच्या रकान्यात 'पाठ शेकणे' असं लिहिलं. तो फॉर्म पाहून आमच्या सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

सर म्हणजे आमचे संचालक. माणूस विद्वान, सज्जन, आणि उन्हात कधीही न गेलेला. माझ्या निवृत्तीच्या वर्ष-दीड वर्ष आधी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "साठेबाई, मोठं काम आलंय. पुणं, काठमांडू आणि कोलंबो. तीन शेजारी देशांतली तीन शहरं. तोच फॉर्म, तेच प्रश्न. कोण कसं जगतंय ते पाहायचं." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तोवर माझा परदेश म्हणजे बेळगाव.

फॉर्म ठरवायला आम्ही काठमांडूला जमलो. तिथल्या टीमच्या प्रमुख कल्पनादीदी, माझ्याच वयाच्या, ठेंगण्याठुसक्या आणि सदा हसऱ्या. आमची दोघींची हिंदी सारखीच वाईट होती, त्यामुळे लगेच जमलं. फॉर्मच्या पहिल्या पानावर एक चित्र होतं, दहा पायऱ्यांची शिडी. सगळ्यात खाली तुम्हाला कल्पना करता येईल असं वाईटात वाईट आयुष्य, सगळ्यात वर चांगल्यात चांगलं. आज तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात, बोट ठेवा. नळ आणि खोल्या मोजून माणूस कसा राहतो ते कळतं, पण त्याला स्वतःला कसं वाटतंय ते कळत नाही. त्यासाठी ही शिडी.

कल्पनादीदींबरोबर मी दोन दिवस घरोघर फिरले. एका बाईंच्या दारात रिकामी पिंपं मांडलेली, पाण्याचा टँकर चार दिवसांत आला नव्हता. तिने शिडी पाहिली, हसली आणि आठव्या पायरीवर बोट ठेवलं. मी चाटच पडले. आमच्याकडे नळाला अर्धा तास उशिरा पाणी आलं तर लोक वर्तमानपत्राला पत्र लिहितात, आणि ही बाई आठवर! हा किस्सा मी पुण्यात आल्यावर निदान पन्नास जणांना सांगितला.

आता माझी अक्कल ऐका. पुण्यात येऊन मी फॉर्मचं मराठी केलं आणि रंगीत तालीम म्हणून एका पेठेत गेले. दार उघडणाऱ्या आजोबांना पहिलाच प्रश्न विचारला, "आयुष्याच्या शिडीवर आपण आज कितव्या पायरीवर आहात?" ते म्हणाले, "सध्या आपण माझ्या पायरीवर आहात. आधी उतरा." आणि दार लावलं. पुढच्या दारी, "हे विचारायचा तुम्हाला अधिकार कोणी दिला?" तिसऱ्या दारी बाई म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते," आणि आत गेल्या त्या गेल्याच.

पुणेकराला दारात उभं राहून "सुखी आहात का?" विचारायचं नसतं, हे मला जन्मापासून ठाऊक. आधी पाण्याचं विचारावं, रस्त्याचं, कचऱ्याच्या गाडीचं. माणूस मोकळा होतो, बसा म्हणतो. म्हणून मी शिडीचं पान उचललं आणि फॉर्मच्या शेवटी टाकलं. एक पान मागे गेल्याने काय आभाळ कोसळणार होतं? ना सरांना सांगितलं, ना काठमांडूला कळवलं. बुधवार पेठेत फॉर्म छापून घेतले, पिना मारल्या आणि सहा जणांची टीम रस्त्यावर सोडली. पान हलवल्याचं मी पुढे विसरूनही गेले.

चार महिन्यांनी तिन्ही शहरांचं कोष्टक मांडलं. नळ, खोल्या, दवाखाने, शाळा यांत पुण्याचं बरं चाललं होतं. शिडीवर मात्र आपण तळाला. काठमांडू वर, कोलंबो वर आणि पुणं चौथ्या-पाचव्या पायरीवर तोंड पाडून बसलेलं. सर खूश. "पुणेकर असमाधानी का?" या विषयावर त्यांनी आठ पानं लिहून काढली. त्यात हिमालय होता, समुद्र होता, मुलं परदेशी गेल्यामुळे आलेलं एकटेपण होतं. ऑफिसात ज्याने वाचलं त्याने मान डोलावली. आपण असमाधानी आहोत हे ऐकून आम्हाला सगळ्यांना फार समाधान वाटलं.

खोडा घातला तो एकाच मुलीच्या फॉर्मांनी. प्रणिता गजभिये. भंडाऱ्याकडची, समाजकार्याचं शिक्षण घ्यायला पुण्यात आलेली, कात्रजला तिघींत एक खोली घेऊन राहणारी. तिच्या फॉर्ममध्ये सात, आठ, नऊ, परत आठ. वस्तीत आठ आणि बंगल्यातही आठ. बाकी पाच जणांचे चार-पाच आणि हिचे सगळे आपले वरच्या मजल्यावर!

आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप म्हणजे घरी बसून फॉर्म भरणं. ते पकडायच्या खुणा असतात. खरा फॉर्म मळतो, त्यावर चहा सांडतो, मधेच पेन बदलतं. प्रणिताचे फॉर्म कोरे करकरीत. शिवाय प्रत्येकाला पिनेची दोन-दोन भोकं, म्हणजे पिन काढून परत मारलेली. मी तिला बोलावलं.

"हे फॉर्म कुठे भरलेस?"

"घरोघरी जाऊनच नं, मॅडम."

"मग या पिना का काढल्यास?"

"पानं लावून घेतली नं मॅडम, नीट."

झालं! चोर कबूल झाला असं मला वाटलं. ती पुढे काहीतरी सांगत होती, पण मी हात वर केला आणि म्हटलं, "पुरे." त्याच दुपारी मी तिच्याविरुद्ध दोन पानी टिपण लिहिलं. फॉर्म बाद करावेत, मुलीला कामावरून कमी करावं. सर म्हणाले, "परवा काठमांडू-कोलंबोची मंडळी येतायत. त्यांच्यासमोरच हे फॉर्म बाद करू, आणि त्याच दिवशी तिचं पत्र काढू."

असं पत्र म्हणजे काय ते सांगते. पुण्यात पाहण्या करणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एकीने काढलं की दुसरी फोन करून विचारते, आणि तिसरीला न विचारताच कळतं. त्या मुलीचा या शहरातला रस्ता तिथेच बंद होणार होता, आणि हे मला सही करताना नीट माहीत होतं. नंतर मी स्वतःला विचारलं, ती गजभिये नसून जोशी असती, भंडाऱ्याची नसून डेक्कनची असती, तर मी तिचं बोलणं पुरं ऐकून घेतलं असतं का? उत्तर मला आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.

नियमाप्रमाणे टिपणाबरोबर फेरतपासणी जोडावी लागते. म्हणजे सुपरवायझरने त्यातल्या काही घरी स्वतः जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्केट यार्डामागच्या वस्तीत सुमनताईंकडे गेले. नवरा यार्डात हमाल, त्या स्वतः पालेभाजीच्या जुड्या बांधायच्या. प्रणिताच्या फॉर्मवर यांची पायरी आठवी. मी अख्खा फॉर्म विचारला. नळ कुठे, संडास कोणाचा, पावसात छत गळतं का, मुलीच्या शाळेला किती वेळ लागतो, गेल्या वर्षी आजारपण काय झालं. पाऊण तास गेला. मग शिडी काढली. सुमनताईंनी सुस्कारा सोडला आणि पाचव्या पायरीवर बोट ठेवलं.

सापडली! मला अगदी आतून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, "ताई, आधी एक मुलगी आली होती, तिला तुम्ही काय सांगितलं होतं?"

"आठ सांगितलं हुतं की."

"मग आज पाच कसं?"

त्या चिडल्या. "अवो बाई, त्या पोरीनं बसल्या बसल्या इचारलं, कसं चाललंय मावशी, दाव बोट. म्या दावलं. पोरगी धाव्वीला पहिली आली हुती माजी, आठ नाय तर काय दावू? तुमी आदी संडास काढला, मग छत काढलं, मग सासूचं आजारपण काढलं. यवढं समदं डोक्यात भरलं आन् मग म्हन्ता, सुखी हाय का? आता तुमीच सांगा किती लिवायचं!"

त्या पत्र्याच्या घरात बसून मी फॉर्म पहिल्या पानापासून पुन्हा उलटत गेले. चहा आला तो गार झाला. पान मागे टाकलं होतं मी. पाऊण तास लोकांच्या जखमांवरची खपली काढून मग त्यांना "बरं वाटतंय का?" विचारत होतो आम्ही, सबंध पुण्याला. काठमांडूची ती बाई आठ म्हणाली तेव्हा तिला अजून कोणी टँकरचं विचारलंच नव्हतं!

ऑफिसात येऊन मूळ फॉर्म काढला. शिडी पहिल्या पानावर. मग प्रणिताला बोलावलं, आणि या वेळी तिला बसायला सांगितलं.

"शिडी आधी का विचारलीस?"

ती घाबरलेलीच होती, पत्राची कुणकुण तिला लागली होती. "मॅडम, मला वाटलं छापखान्यावाल्यानं पानं उलटी लावली. आमच्याकडे कोणाच्या घरी गेलं तं आधी बरं हाय का विचारतात. नळाचं काहून विचारन कोणी आधी? म्हणून मी पिना काढून पानं लावून घेतली. तेच तं सांगून राहिली होती तुम्हाला."

"आणि फॉर्म एवढे स्वच्छ कसे?"

"प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते नं."

मला हसू आलं आणि रडूही. विचारल्याशिवाय पानं हलवणं ही तिची चूक होतीच. फरक एवढाच की तिने माझी चूक दुरुस्त केली होती, आणि मी तिला चोर ठरवलं होतं. मी तिथेच तिची माफी मागितली. ती गोंधळून म्हणाली, "असू द्या नं मॅडम, पण ते पत्र निघणार हाय का?" तिच्या जिवाला तेवढंच लागलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत सर आपली आठ पानं वाचायला उभे राहणार, तेवढ्यात मी उभी राहिले. आत्ता सांगताना सोपं वाटतं, पण तेव्हा नव्हतं. निवृत्ती जवळ आलेली, तीस वर्षांत एक डाग नाही, आणि समोर तीन देशांचे लोक. मी सगळं सांगितलं. पेठेतले आजोबा, शिडीचं पान, सुमनताई, सगळं. टिपण मागे घेते असंही सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "साठेबाई, आपण हे आत्ता सांगताय?" आवाज अगदी शांत. पुण्यात माणूस खरा संतापला की असाच शांत होतो.

मग कल्पनादीदी हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "साठेजी, हमारे यहाँ आख़िर में पूछते तो दो भी नहीं मिलता!" मग कोलंबोचे लोक हसले, आणि शेवटी सरही. त्यांची आठ पानं फुकट गेली होती, तरी हसले, हे मी त्यांच्या मोठेपणात धरते.

पुण्यातल्या सगळ्या घरी पुन्हा जायचं आणि फक्त शिडी विचारायची, असं ठरलं. हे काम कोणी सांभाळायचं? कल्पनादीदी म्हणाल्या, "जिसने सही पूछा, वही सँभाले।" सरांनी मान डोलावली. प्रणिता गजभिये या पाहणीची प्रमुख, आणि माणसं कमी म्हणून साठेबाई तिच्या हाताखाली, फील्डवर. मला बरं वाटलं आणि झोंबलंही. पहिल्या दिवशी ती मला यादी देताना उभी राहिली. मी म्हटलं, "बस गं, प्रमुख आहेस." तर बसली, पण खुर्चीच्या कडेवर.

दारात उभं राहून शिडी विचारायची ती तिनेच आम्हाला शिकवली. आधी हसायचं, नाव सांगायचं, "कसं चाललंय?" म्हणायचं आणि चित्र पुढे करायचं. पुणेकर इतका अवाक होतो की बोट ठेवूनच टाकतो. काहींनी खवचटपणा केला, नाही असं नाही. एक काका म्हणाले, "शिडी कोणत्या भिंतीला टेकवलीये ते आधी सांगा." पण सांगितलं. सहा, सात, आठ. पुणं हळूहळू वर चढायला लागलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. काठमांडूला गाठायचंच, असं वाटायला लागलं मला. जणू मी क्रिकेटची मॅच खेळत होते.

चौथ्या दिवशी मी माझे बारा फॉर्म प्रणितासमोर ठेवले. ती एकेक पाहत गेली आणि एकावर थांबली.

"मॅडम, इथं सहा खोडून सात केलंय."

"हो, त्या बाई आधी सहा म्हणाल्या, मग सात म्हणाल्या."

"त्या म्हणाल्या, का तुम्ही म्हणाल्या?"

त्या बाई सहावर बोट ठेवून थांबल्या होत्या, आणि मी म्हटलं होतं, "सात म्हणायला हरकत नाही, नाही का?" त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही म्हणता तर लिहा." मनाचे आकडे लिहिण्याच्या ज्या पापाबद्दल मी हिच्याविरुद्ध दोन पानं लिहिली, ते अख्ख्या पाहणीत, तीन देशांत मिळून, ज्या एका माणसाने केलं ती मी होते.

"मी म्हणाले," मी म्हटलं.

प्रणिताने तो फॉर्म बाजूला काढला. आता ही टिपण लिहिणार, आणि लिहावंच, असं मला वाटलं. तिने आजूबाजूला पाहिलं, बाकीच्या मुली ऐकत नाहीत ना याची खात्री केली, आणि फॉर्म माझ्या हातात देऊन हळूच म्हणाली, "मॅडम, जाऊन या नं एकदा. मी थांबते."

मी रिक्षा केली. तीन जिने चढून पुन्हा बेल वाजवली, पुन्हा शिडी पुढे धरली आणि तोंड घट्ट मिटून उभी राहिले. बाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि सहावर बोट ठेवलं. मी सहा लिहिलं. परत आले तेव्हा सगळे घरी गेले होते. प्रणिता एकटी बसली होती. तिने आकडा पाहिला, खाली सही केली आणि म्हणाली, "झालं, मॅडम. चला, चहा घेऊ."